नुसतं बसणं

माझ्या आईला देवी करून टाकलं ते आमच्याच घरच्यांनी. बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी त्याला दगड मारले असते. घरच्यांना दगड मारता येत नाहीत, त्यांच्याच पंगतीला बसून जेवायचं असतं. म्हणून मी नुसती बडबड केली, आणि आमच्या घरात माझ्या बडबडीला पंख्याच्या घरघरीइतकीच किंमत आहे.

आम्ही रायपूरचे मराठी. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. आधी ब्राह्मणपाऱ्यात भाड्याने राहत होतो, मग बाबांनी चौबे कॉलोनीत घर बांधलं. खाली दादा, वहिनी आणि आई राहतात, वरच्या खोलीत मी. मी लग्न केलं नाही आणि का नाही ते कुणाला सांगत बसत नाही. एका खाजगी पॅथॉलॉजीत मी लोकांचं रक्त काढते. दादाचं पंडरीत कापडाचं ठोक दुकान आहे.

बाबा होते तोवर आमचं घर म्हणजे देवाधर्माचा कारखाना होता, आणि मजूर एकटी आई. नवरात्रातले घट, चातुर्मास, श्रावणातले सोमवार, सत्यनारायण, प्रत्येक पितराची वेगळी तिथी. बाबा पाटावर बसून मंत्र म्हणायचे आणि आई मागे उभी असायची. फूल हवं की फूल, पळी हवी की पळी. एकदा नैवेद्याच्या ताटात चटणी उजवीकडे वाढली गेली म्हणून बाबांनी पाहुण्यांसमोर तिला ताट टाकून द्यायला लावलं आणि पुन्हा सगळं रांधायला लावलं. पाहुणे भुकेले बसून राहिले आणि बाबांच्या कडक आचाराचं कौतुक करत राहिले. ती स्वयंपाकघरात काय करत होती ते पाहायला कुणी गेलं नाही. बाबा वाईट नव्हते असं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. मी म्हणत नाही.

ते गेले. तेरावा झाला, भटजी निघून गेले, आणि दुसऱ्या सकाळी आईने वहिनीला देवघरापाशी बोलावलं. म्हणाली, "हे सगळं आता तू पाह्य. माह्यं झालं."

वहिनी घाबरली. "म्हणजे काय, आई? तुम्ही पूजा नाही करणार?"

"नाही."

"काहून?"

"झाली ना व एवढी वर्षं. पुरे आता."

आणि ती मागच्या अंगणात गेली. तिथे धुण्याचा ओटा आहे, पाण्याची टाकी आहे आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून एक मुनगा आहे. मुनगा म्हणजे शेवगा; आमच्याकडे शेवगा म्हटलं तर भाजीवालासुद्धा तोंडाकडे पाहतो. आईने न्हाणीघरातलं लाकडी स्टूल आणलं, मुनग्याखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. हातात माळ नाही, ओठांवर नाव नाही. डोळेही मिटलेले नाहीत. नळाचं पाणी भरून झालं की चहाच्या आधी ती रोज अशी बसू लागली. तेवढा वेळ हाक मारली तरी ओ द्यायची नाही. मग उठायची, स्टूल जागेवर ठेवायची आणि पोह्यांना कांदा चिरायला घ्यायची.

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी रक्ताचा माणूस, मी तिचं थायरॉइड तपासलं, बी-ट्वेल्व्ह तपासलं. सगळं ठीक निघालं. मग एकदा विचारलंच, "काय करून राहिली असतेस तू तिथे?"

"काही नाही. बसून राहिली असते."

"देवाचं नाव घेतेस?"

ती हसली. म्हणाली, "तुह्या बाबांच्या घरात मी देवापुढे सारखी उभीच होती. अन् लक्ष कुठं? समई विझली का, दूध उतू चाललं का, ह्यांच्या कपाळावर आठी आली का. देवाकडे पाह्यलंच नाही कधी. आता पाह्यते."

"भिंतीत?"

"जिथं मले कोणी हाक मारत नाही तिथं."

मी देव मानत नाही. पण त्यानंतर तेवढा वेळ मी वरच्या खोलीतून बादलीसुद्धा आपटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आईने स्वतःसाठी काही मागितलं होतं आणि ते एवढंसं होतं. ते तिला मिळावं, असं मला फार वाटत होतं. माझं स्वतःचं काही मिळावं असंही मला इतकं कधी वाटलेलं नाही.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या असतात. पुण्याकडचे गौरी म्हणतात, नागपूरकडच्या घरांमध्ये महालक्ष्म्याच. मुखवटे लावून, साड्या नेसवून दोघींना उभं करायचं, दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणाचं जेवण आणि संध्याकाळी हळदीकुंकू. आता, आई विधवा. सोळा भाज्या चिरायला विधवा चालते, पुरण वाटायला चालते, हळदीकुंकवाला चालत नाही. वहिनी तसं तोंडाने बोलली नाही. तिने फक्त कुंकवाचा करंडा आईच्या हातून अलगद काढून घेतला. आईला वाईट वाटलं नाही, उलट बरंच झालं. बायांची गर्दी जमली तशी ती मागच्या दाराने निघाली आणि स्टुलावर जाऊन बसली.

आमच्या शेजारच्या बंगल्यातली बाई हात धुवायला मागे गेली. बँकेतल्या मोठ्या साहेबाची बायको, तोंडात कायम मुलाचं नाव. मुलगा जगदलपूरला नोकरीला होता आणि त्याची बदली रायपूरला होत नव्हती, हे सबंध कॉलोनीला पाठ होतं. तिने पाहिलं की आई भिंतीकडे टक लावून बसली आहे आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. त्या पंधरवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्यांत थेंब घातले की पाणी यायचंच. पण शेजारणीला काय ठाऊक! ती "माताजी, माताजी" करत तिच्यापुढे खाली बसली आणि मुलाच्या बदलीचं रडगाणं सुरू केलं. आई बोलली नाही. शेजारीण ओल्या हातांनी तिचे गुडघे धरू लागली, तेव्हा आईने दोरीवरचा पंचा काढला आणि तिच्या हातात दिला. हात पूस आणि जा, एवढाच त्याचा अर्थ होता.

दिवाळीच्या आत बदली झाली. शेजारीण नारळ घेऊन आली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून ढसढसा रडली. आमचा पंचा तिने परत केला नाही, देवघरात ठेवला. मोरीतून बाहेर आलो की त्या पंच्याने आम्ही पाय पुसायचो. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, आप तो घर की हैं, आपको नहीं दिखेगा."

कॉलोनीच्या मोबाइल ग्रुपवर बातमी गेली. पहिल्या गुरुवारी चारदोन बाया आल्या, पुढच्या गुरुवारी मागचं अंगण भरलं. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, कुणाचा नवरा पीत होता, कुणाची केस अडकली होती. त्या यायच्या, आईच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत बसायच्या आणि बोलायच्या. आई बोलत नसे, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं.

ते घालायचं काम वहिनीने घेतलं. वहिनीवर मी सगळा राग काढते खरा, पण एक गोष्ट कबूल करते. ती बिलासपूरहून या घरात आली तेव्हापासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. बाबा तिला 'ती' म्हणायचे. दादा तर काहीच म्हणत नाही. आता अचानक मोठ्या घरच्या बाया तिला दारात हात जोडून विचारू लागल्या, "भाभी, माताजी आज मिलेंगी?" बाईच्या चेहऱ्यावर तेज आलं. उपाशी माणसाला एकदम पंगत वाढली की तो थांबत नाही, तसं तिचं झालं.

मी तिला म्हटलं, "वहिनी, आईला त्रास होतो. बंद करा हे."

"तुम्हाले नाही समजणार, ताई. तुम्ही सुया टोचणाऱ्या. त्यांच्यात काही तरी आहे."

"त्यांच्यात मोतीबिंदू होता, तो काढला."

"हेच तुमचं. म्हणून तर घरात कोणी टिकत नाही तुमच्यासंगं."

हे तिने नेमकं बोलून घेतलं. मीही काही कमी बोलले नाही, पण ते इथे लिहीत नाही.

दादाने दुकानातून लाल मखमलीचा तागा आणला. स्टुलावर मखमल, भिंतीवर मखमल, खाली सतरंजी. मुनग्याला चुनरी बांधली. मग बाया त्याला नवसाचे धागे बांधू लागल्या, आणि एकदा धागे बांधल्यावर त्या झाडाच्या शेंगा तोडणं पाप झालं. आईला मुनग्याची बडी, म्हणजे डाळीचे सांडगे, घातलेली भाजी जीव की प्राण. तिच्या डोक्यावर शेंगा लोंबत होत्या, वाळत होत्या, आणि वहिनी बाजारातून दुधी आणत होती. आईने एकदा दबक्या आवाजात विचारलं, "एक शेंग तोडली तर चालन का?" वहिनीने दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या. स्वतःच्या अंगणात, स्वतः पाणी घालून वाढवलेल्या झाडाची शेंग खायला देवीला परवानगी नव्हती.

आई पळू लागली. सकाळी गच्चीवर जाऊन बसली; दोन दिवसांत गच्चीच्या जिन्यावर चपलांची रांग लागली. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. बाहेर बाया वाट पाहत उभ्या राहिल्या आणि नळाचा आवाज ऐकून हात जोडू लागल्या. एकदा माझ्या स्कूटरवर बसून ती तलावाच्या काठी आली. म्हाताऱ्यांच्या बाकावर बसली, समोर पाणी, आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला मागून दिसला. मी चणे घेतले आणि लांब जाऊन उभी राहिले. परत आले तर एक ट्रॅकसूटवाला गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होता, "अरे, यही तो हैं, चौबे कॉलोनी वाली." बायकोने तिथेच पदर पसरला.

एका गुरुवारी तिचा संयम सुटला. सकाळपासून कुणीतरी स्पीकरवर भजनं लावली होती. ती उठली, ओट्यावरचा पाण्याने भरलेला मग घेतला आणि गर्दीवर फेकला. ओरडली, "निघा इथून! चालत्या व्हा, मेल्यांनो! मले बसू द्या!" आयुष्यात तिने कुणाला मेल्या म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला की मी वरून टाळ्या वाजवल्या. आणि खाली काय झालं? ज्यांच्या अंगावर पाणी पडलं नव्हतं त्या पुढे सरकल्या. लेकरांना पुढे ढकललं, मान वर कर म्हणाल्या. आणि शेजारणीने समजावलं की संतांची शिवी ज्याला लागते त्याचं भलं होतं. पुढच्या आठवड्यात बाया शिव्या खायलाच यायला लागल्या.

आईने त्यानंतर तोंड उघडायचं सोडून दिलं. गुरुवारी ती मखमलीवर बसायची आणि मी पाहत होते, तिचे डोळे भिंतीवर असले तरी ती तिथे नसायची. पूर्वी ती उठायची तेव्हा चेहरा धुतल्यासारखा असायचा. आता ती लांबच्या बसमधून उतरल्यासारखी उठायची. मी विचारलं, "बसणं होतं का काही?" ती म्हणाली, "बसते ना. बसल्याचं नाटक करते."

आता मुख्य गोष्ट सांगते.

पंडरीत दादाच्या दुकानासमोरच्या जिन्याखाली एक बाई मशीन घेऊन बसायची. साड्यांना फॉल-पिको करायची. छत्तीसगढी बाई, नवरा मेलेला, मूलबाळ नाही, दिवसभर पायाने मशीन चालवायची. तिला साखरेचा आजार होता आणि चपलेच्या पट्ट्याने डाव्या अंगठ्याला जखम झाली होती. ती एका गुरुवारी आली. सोबत गोळ्यांचं पाकीट आणलं होतं. ती माझ्या आईला दाई म्हणायची, छत्तीसगढीत दाई म्हणजे आई. दाईने हात लावला तर औषध लवकर लागू पडेल, एवढंच तिच्या मनात होतं. तिने ते पाकीट आईच्या समोर, भिंतीच्या कठड्यावर ठेवलं. गोळ्यांच्या चकचकीत पन्नीवर ऊन पडलं आणि ते थेट आईच्या डोळ्यांत आलं. आईने दोन बोटांनी ते पाकीट बाजूला सारलं.

तेवढंच.

शेजारणीने लगेच जाहीर केलं की माताजींनी दवाई नाकारली. वहिनीने मान हलवली. बाईने ते पाकीट पदरात बांधलं आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या.

मला हे कळलं ते माझ्या कामावर. जखम भरेना म्हणून मोहल्ल्यातल्या डॉक्टरने तिला आमच्याकडे तपासणीला पाठवलं होतं. रिपोर्ट पाहून मी तिला आत बोलावलं. पायाला फडकं बांधलेलं, वास येत होता. मी म्हटलं, "गोली खा रही हो कि नहीं?"

"नइ दीदी," ती अगदी आनंदाने म्हणाली. "दाई ह हटा दिस न."

मी दुपारचं काम टाकून घरी आले. आईला सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा रंग उतरत गेला. म्हणाली, "माह्या डोळ्यावर ऊन आलं होतं व. म्हणून सारलं."

"मला सांगून काय उपयोग! तिला सांग."

त्या गुरुवारी आईने सगळ्यांसमोर तोंड उघडलं. हिंदी तिला बाजारापुरतीच येते, पण वाक्य सोपं होतं. बाईकडे बोट करून म्हणाली, "दवाई खाओ. डॉक्टर की दवाई. रोज."  मग शेजारीण उठली आणि डोळे पुसत म्हणाली, "माताजी परीक्षा ले रही हैं. जिसकी श्रद्धा कच्ची, वो दवाई खाए." फॉल-पिकोवाल्या बाईने हसून मान हलवली. आपली श्रद्धा कच्ची नाही हे तिला दाखवायचं होतं. मी शेजारणीला जे बोलले त्यानंतर आमचं बोलणं बंद आहे ते आजतागायत, आणि मला त्याचं दुःख नाही.

मग मी आईला स्कूटरवर घेऊन त्या बाईच्या घरी गेले. पंडरीच्या मागे एका गल्लीत एक खोली. बाई हडबडली, अख्खी गल्ली जमली, कुणी आरतीचं ताट आणलं. आईने ताट बाजूला केलं, बाईच्या पदराची गाठ स्वतः सोडली, पाकिटातून गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "खा माह्यासमोर," म्हणाली, मराठीतच. बाईने गोळी कपाळाला लावली आणि खाल्ली. आई रडली, मला हायसं वाटलं. परत येताना तिने माझ्या पाठीवर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "वाचली."

ती बाई वाचली, पण पाय गेला. आम्ही निघाल्यावर बाईने उरलेलं पाकीट देवघरात ठेवलं होतं. दाईचा हात लागलेलं, दाईने गाठ सोडून दिलेलं ते रोज गिळून कोण संपवेल? त्याला ती दोन्ही वेळ उदबत्ती लावत होती. एक गोळी प्रसाद म्हणून घेतली, बाकीच्या पूजेला. पाय काळा पडला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तिला दवाखान्यात नेलं आणि डाव्या गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

मी आईपासून लपवायचं ठरवलं होतं. वहिनीने सांगितलं. वाईट बातमी म्हणून नव्हे, चमत्कार म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण माताजींनी प्राण परत आणले.

थोड्या महिन्यांनी ती बाई आली. कुबडी घेऊन, गुरुवारीच. गर्दीने तिला वाट करून दिली. आईच्या समोर, त्या भिंतीपाशी, ती कशीबशी बसली. साडीचा काठ एका बाजूला रिकामा पसरला होता. तिने हात जोडले. "तोर किरपा ले जीव बांच गे, दाई."

आईने तिचे जोडलेले हात धरून खाली केले. म्हणाली, "मैंने कुछ नहीं किया. मेरे कारण पांव गया तेरा. गाली दे मुझे."

बाईने कान पकडले, जीभ चावली. असं ऐकणंही पाप.

"दे ना व शिवी!" आई मराठीत ओरडली. "एक तरी शिवी दे मले! काहून नाही देत?"

शेजारणीने मागून सांगितलं की माताजींनी एक पाय घेऊन प्राण दिले, सौदा सस्त्यात झाला. कुणीतरी जयजयकार केला. मग आईने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ती स्टुलावरून उतरली, मातीत गुडघे टेकले, आणि त्या बाईच्या उरलेल्या एका पायावर तिने डोकं ठेवलं.

अंगणात सगळे मोबाइल वर झाले.

आणि ती बाई किंचाळली. पाय ओढून घ्यायला गेली तर तोल गेला, कुबडी पडली, ती भिंतीवर आदळली. साक्षात दाईने आपल्या पायाला हात लावला, आता आपल्याला नरकातही जागा नाही, असं म्हणून ती छाती पिटू लागली. आईने मागितलेली माफी तिला शाप म्हणून लागली. या पापाचं प्रायश्चित्त म्हणून तिने पुढे निर्जळी उपास धरले. साखरेच्या आजारात, एका पायावर. मी दोनदा जाऊन भांडून आले. तिने मला चहा पाजला आणि उपास सोडला नाही.

आईचा स्टुलावरचा तो शेवटचा गुरुवार. दुसऱ्या सकाळी आईने पांढरं सोवळं नेसलं, देवघरात गेली आणि वहिनीला म्हणाली, "सरक."

तेव्हापासून ती पूजा करते. बाबा करायचे तशी सगळी. टाक घासते, गंध उगाळते, फुलं शिळी आणली म्हणून दादावर ओरडते, नैवेद्याला कांदा लागला का म्हणून वहिनीचं ताट परत पाठवते. आणि घंटा वाजवते. घणाघणा वाजवते, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतकी. गुरुवारी बाया आल्या तर त्यांनाही आरतीला उभं करून ताम्हणं घासायला लावते. बाया किती दिवस टिकणार? ताम्हणं त्यांच्या घरीही होती. गप्प बसणारी बाई त्यांना गूढ वाटत होती. चटणी डावीकडे की उजवीकडे यावर सुनेला झापणारी सासू त्यांनी पोटभर पाहिलेली होती. महिन्याभरात अंगण ओस पडलं. शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "शक्ति चली गई." वहिनी काही दिवस अंथरुणाला खिळली. तिची मला दया आली, पण ती दया मी तिला दाखवली नाही.

मी मखमल काढली. मुनग्याचे धागे कात्रीने कापले, शेंगा तोडल्या, भाजी केली. आईने दोन वेळा वाढून घेतली. मला वाटलं, जिंकलो. किती हुशार बाई, मी मनात म्हटलं, देवघराच्या आड लपून तिने आपली जागा परत मिळवली.

मागच्या आठवड्यात सगळे घराबाहेर होते. मी स्टूल धुऊन मुनग्याखाली ठेवलं आणि तिला म्हटलं, "बस ना आता. कुणी येत नाही. मी दाराशी बसते, कुत्रंसुद्धा आत सोडत नाही."

ती गेली. बसली. भिंतीकडे तोंड, हात मांडीवर, डोळे उघडे. मी दाराच्या उंबऱ्यावर बसून तिच्या पाठीकडे पाहत होते. पाठ सरळ होती. मग ती हळूहळू आकसत गेली. ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं, माझ्याकडे न पाहता आत गेली आणि देवघरात घंटा वाजू लागली.

मी मागे गेले. घंटेवरून ओरडावं लागलं. "काय झालं?"

ती वाजवतच राहिली. म्हणाली, "डोळे उघडे ठेवले की ती समोर येऊन बसते, पोरी. काठ पसरून."

"मग डोळे मिटून बस."

"मिटले तर जवळ येते. हे वाजवलं की नाही येत."

तेवढ्यात वहिनी बाजारातून आली. दारातच पिशवी ठेवून तिने विचारलं, "आई, आरती सुरू करू काय?"

"कर," आई म्हणाली. "मोठ्याने कर."